संगणकाची पाटी कोरी झाली तर

गेल्या दिवाळींत आम्ही चार दिवस मांजरसुंब्यास आमच्या थोरल्या बंधूंकडे राहिलों होतों. बीडहून दक्षिणेस निघालें म्हणजे बालाघाटाचा घाट चढून गेल्यावर धुळें-सोलापूर हमरस्त्यावर हें गांव लागतें. येथून एक फांटा पश्चिमेस पाटोद्याकडे फुटतो, दुसरा पूर्वेस नेकनूर, केज करीत अंबाजोगाईकडे जातो, आणि हमरस्ता तसाच चौसाळ्यावरून पुढें सोलापुरास जातो. मालमोटारींचा राबता अहोरात्र असतो. परंतु चौक सोडून थोडें आंत गेलें कीं तो आवाज मागें पडतो, आणि बंधूंच्या ओसरीवर तर सीताफळांची टोपली व वर्तमानपत्र यांपलीकडे फारशी गडबड नसते. निदान पाडव्याच्या सकाळपर्यंत तरी नव्हती.

त्या सकाळीं बंधू आंघोळ उरकून नेहमींप्रमाणें आपल्या संगणकापुढें बसले, त्यांनीं कळ दाबली, आणि दोन-तीन मिनिटांनीं अशी हांक मारली कीं वहिनी हातांत लाटणें तसेंच घेऊन धांवत बाहेर आल्या. पडदा उजळलेला होता, पण त्यावर कांहींच नव्हतें. रोज डाव्या हातास ओळीनें उभीं असणारीं लहान चित्रें, ज्यांना आयकॉन म्हणतात तीं, त्यांतलें एकहि नव्हतें. तळाची पट्टी, म्हणजे टास्कबार, तीहि नाहीं. घड्याळ नाहीं, स्टार्टची खूण नाहीं. एक सपाट निळा रंग आणि त्यावर माऊसचा बाण, एवढाच काय तो संसार उरला होता.

“गेलें,” बंधू म्हणाले. “सहा वर्षांचें काम गेलें.”

काम म्हणजे आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत. विसाव्या शतकांत महाराष्ट्रांतील पुष्कळ घराण्यांनीं आपापले कुलवृत्तांत छापून काढले. आमच्या घराण्यास मात्र तें कधीं सुचलें नाहीं. बंधूंनीं शिक्षकाच्या नोकरींतून निवृत्त झाल्यावर तें अंगावर घेतलें. हैदराबादेपासून इंदुरापर्यंत पांगलेल्या शाखांचा पत्ता लावला, क्षेत्राच्या उपाध्यायांच्या वह्यांतून पिढ्या उतरवून आणल्या, आणि निजामी राजवटींत उर्दू माध्यमांतून शिकलेल्या आमच्या दोन आत्यांजवळ बसून त्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत लिहून घेतल्या. त्या दोघींपैकीं आज एकहि हयात नाहीं. छापील पुस्तक हरवलें तर दुसरी प्रत मिळते; आत्यांस आतां कोण विचारणार?

दुसरी प्रत कोठें आहे, असें आम्हीं विचारलें. बंधू गप्प राहिले. रात्रीं वीज तीनदां गेली होती आणि तिसऱ्या वेळीं संगणक चालूच होता, एवढी माहिती मात्र पुतण्याकडून मिळाली. त्यानें तोंवर एका ओळखीच्या दुकानदारास फोनहि लावला होता. तिकडून उत्तर आलें, “व्हायरस असेल. फॉर्मॅट मारावें लागेल. सीपीयू घेऊन या, दुपारपर्यंत देतों.” पुतण्या खालीं वांकून तारा काढूं लागला.

इतक्यांत अंगणांतून सूनबाई आली. हाताला रांगोळी तशीच होती. तिनें पडद्याकडे पाहिलें आणि विचारलें, “नाना, बाण हलतो कां?”

हा प्रश्न वैद्यानें नाडी पाहावी तशा प्रकारचा आहे. पडदा उजळलेला आहे आणि माऊस हलविला कीं बाण हलतो, एवढें असेल तर यंत्र जिवंत आहे, त्याची मुख्य प्रणाली चालू आहे, व हार्ड डिस्क निदान वाचली जात आहे. डिस्कच गेली असती तर बहुधा मजल येथवर आलीच नसती. काळ्या पडद्यावर इंग्रजींत तक्रार लिहून यंत्र थांबलें असतें, नाहीं तर नुसतें चक्र फिरत राहिलें असतें. बाण हलत होता. सूनबाईनें पुतण्यास तारा जेथल्या तेथें ठेवावयास सांगितलें.

तिला हें ठाऊक असण्याचें कारण असें कीं लग्नापूर्वीं एमएस-सीआयटीची परीक्षा देऊन ती दोन वर्षें एका सेवा केंद्रांत सातबाराचे उतारे आणि उत्पन्नाचे दाखले काढून देण्याचें काम करीत असे. दाराबाहेर रांग उभी आहे, अर्जाची शेवटची तारीख आजची आहे, आणि पडदा असा कोरा झाला आहे, हा प्रसंग तिनें तेथें अनेकदां निभावला होता. आम्हां सुशिक्षित म्हणविणाऱ्या तिघां पुरुषांपैकीं एकासहि नाडी कोठें पाहावी तें ठाऊक नव्हतें, हें येथें नमूद करून ठेवतों.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं पडद्यावर जें दिसतें तोच संगणक. वस्तुतः आपले कागद डिस्कवर असतात, आणि पडदा ही केवळ मांडणी असते. विंडोज या प्रणालींत ती मांडण्याचें काम एक्सप्लोरर नांवाचा एक प्रोग्रॅम करतो. तोच तळाची पट्टी अंथरतो, स्टार्टची यादी उघडतो, चित्रें ओळीनें मांडतो, आणि एखादें फोल्डर उघडून आंतील कागद दाखवितो तोहि तोच. जुन्या वाड्यांत दिवाणजी असत, त्यांच्यासारखा हा आहे. सकाळीं त्यांनीं बैठक घालावी, दौत-लेखण्या मांडाव्या, हव्या त्या वह्या काढून द्याव्या. एखादे दिवशीं दिवाणजीस ताप आला तर बैठक रिकामी दिसते. पण म्हणून कपाटांतल्या वह्या कोणीं नेल्या असें होत नाहीं. तसेंच चालू असतांना एक्सप्लोरर मध्येंच कोसळला, किंवा संगणक सुरू होतांना उठलाच नाहीं, तर चित्रें आणि पट्टी दोन्ही एकदम नाहींशीं होतात. दोन्ही एकाच वेळीं गेलीं हीच त्याची मोठी खूण. नुसतीं चित्रें गेलीं व पट्टी आहे, किंवा पट्टी गेली व चित्रें आहेत, तर दोष बहुधा दुसरा आणि किरकोळ असतो.

जातां जातां या ‘डेस्कटॉप’ शब्दाविषयीं थोडें सांगावेंसें वाटतें. पडदा म्हणजे लिहिण्याचें मेज आणि त्यावर कागद व टोपल्या, ही कल्पना अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनगृहांत जन्मली. तेथें १९७३ सालीं आल्टो हें यंत्र झालें, १९८१ सालीं स्टार नांवाचें यंत्र चित्रांसह बाजारांत आलें, आणि १९८४ सालीं ॲपलच्या मॅकिन्टॉशनें ती कल्पना लोकांच्या घरांत नेली. तळाची पट्टी व स्टार्टची कळ यांचा सर्वत्र प्रसार झाला तो २४ ऑगस्ट १९९५ रोजीं विंडोज ९५ बाहेर पडल्यावर. मेजावर कागद पसरून बसणें ही साहेबी कचेरीची रीत. आमच्या इकडे कागद रुमालांत बांधून ठेवीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील कागदांचीं गाठोडीं रुमाल म्हणूनच ओळखलीं जातात. ही कल्पना पुण्यास निघाली असती तर पडद्यावर मेजाऐवजीं रुमाल आले असते, आणि गांठ मारलेला रुमाल दृष्टीआड झाला म्हणून कोणी घाबरलें नसतें. असो.

सूनबाईनें प्रथम कीबोर्डवरील खिडकीची खूण असलेली विंडोजची कळ दाबली. पट्टी केवळ दडून बसली असेल तर या कळीसरशी ती वर येते. पट्टी आपोआप लपावी अशी एक सोय सेटिंग्जमधील टास्कबारच्या पानावर असते, व मुलांच्या हातून ती चुकून चालू झाली कीं मोठी माणसें हैराण होतात. ब्राउझर पूर्ण पडदाभर पसरला असतांहि पट्टी झांकली जाते; तेव्हां कीबोर्डच्या वरच्या रांगेंतील एफ ११ ही कळ दाबावी, पडदा पूर्ववत् होतो. विंडोज १० मध्यें टॅब्लेट मोड म्हणून एक तऱ्हा आहे, तीहि चित्रें लपविते. बंधूंच्या संगणकावर यांपैकीं कांहीं नव्हतें; कळ दाबून पडदा जसाच्या तसा राहिला.

मग तिनें मोकळ्या जागेवर माऊसची उजवी कळ दाबली. ही परीक्षा फार उपयोगाची आहे. दिवाणजी जागेवर असतील तर या कळीनें एक यादी उघडते. त्या यादींत ‘व्ह्यू’ म्हणून शब्द असतो, आणि त्याच्या पोटांत ‘शो डेस्कटॉप आयकॉन्स’ अशी ओळ. त्या ओळीपुढची बरोबरची खूण निघालेली असेल तर पडद्यावरचीं सारीं चित्रें दिसेनाशीं होतात. ओळीवर एकदां टिचकी मारली कीं परत येतात. आमच्या एका स्नेह्यांचा लॅपटॉप या एका खुणेपायीं चार दिवस दुकानांत राहिला होता. ‘धिस पीसी’ किंवा ‘रीसायकल बिन’ एवढींच चित्रें नसतील तर तीं सेटिंग्जमध्यें पर्सनलायझेशन, थीम्स, डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज या वाटेनें पुन्हां मांडतां येतात. लग्नाची चित्रफीत पाहण्याकरितां लॅपटॉप मोठ्या टीव्हीस जोडला असेल, तर मांडणी कधीं कधीं त्या दुसऱ्या पडद्यावर जाऊन बसते आणि आपणांपुढें कोरी पाटी राहते. तेव्हां विंडोजची कळ धरून पी दाबावें आणि ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ निवडावें.

बंधूंच्या पडद्यावर उजव्या कळीनें यादी उघडलीच नाहीं. म्हणजे दिवाणजी जागेवर नव्हते.

“आतां उठवावें लागेल,” सूनबाई म्हणाली, आणि तिनें कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तिन्ही कळा एकदम दाबल्या. कोऱ्या पडद्यावर एक चौकट उघडली. तिला टास्क मॅनेजर म्हणतात. संगणकांत या घटकेला कोणकोण काम करीत आहे याची ती हजेरी होय. ती एक्सप्लोररवर अवलंबून नसते, म्हणून अशा वेळीं उपयोगीं पडते. चौकट अगदीं लहान उघडली तर ‘मोअर डीटेल्स’वर टिचकी मारावी. यादींत ‘विंडोज एक्सप्लोरर’ हें नांव सांपडलें तर तें निवडून ‘रीस्टार्ट’ म्हणावें. नांवच नसेल, आमच्या येथें नव्हतें, तर ‘रन न्यू टास्क’ हें शोधावें. विंडोज १० मध्यें तें ‘फाईल’ या शब्दाखालीं असतें, विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत वरच्या बाजूस उघडेंच दिसतें. त्या जागीं इंग्रजींत ‘एक्सप्लोरर डॉट ईएक्सई’ लिहून एंटर दाबावें. एवढेंच. यांत कांहीं पुसलें जात नाहीं, कांहीं बिघडत नाहीं. म्हणून घरांतील कोणीहि हा प्रयोग निर्धास्तपणें करावा. पडद्याच्या भीतीनें एकदम प्लग ओढणें हें त्याहून धोक्याचें, कारण डिस्कवर लिहिणें चालू असतां वीज तोडली तर लिहिलेलें अर्धवट राहतें. रात्रीं बहुधा तेंच झालें होतें.

एंटर दाबतांच तळाची पट्टी आली. वहिनींनीं हात जोडले. पण पडद्यावर चित्र म्हणाल तर एकटें रीसायकल बिनचें होतें. कुलवृत्तांताचें फोल्डर नव्हतें. बंधूंचा उतरलेला चेहरा पुन्हां उतरला. पुतण्या म्हणाला, “मी म्हटलें नव्हतें?”

सूनबाई मात्र पडद्याच्या रंगाकडे पाहात होती. “नाना, तुम्ही मागें कपिलधारच्या धबधब्याचा फोटो लावला होतात ना? तो कोठें आहे?” खरेंच, पावसाळ्यांत आम्हींच काढलेला तो फोटो बंधूंनीं मोठ्या प्रेमानें पडद्यावर लावला होता, आणि सकाळपासून आम्हां कोणाच्या ध्यानांत नव्हतें कीं तो तेथें नाहीं. तेवढ्यांत उजव्या कोपऱ्यांत इंग्रजींत एक सूचना उमटली. तिचा आशय असा कीं तुम्हांस तात्पुरत्या प्रोफाईलमध्यें घेतलें आहे. तुमच्या फाईली येथें दिसणार नाहींत, आणि येथें जें नवें कराल तें बाहेर पडतांना पुसलें जाईल.

हा प्रकार समजून घेण्याजोगा आहे. संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाच्या नांवाचें एक बिऱ्हाड विंडोज करून ठेवते. त्याची चित्रें, त्याचा फोटो, त्याचे कागद, त्याच्या आवडीनिवडी सर्व त्या बिऱ्हाडांत असतात. वीज अवेळीं गेल्यामुळें किंवा दुसऱ्या कांहीं कारणानें त्या बिऱ्हाडाचें कुलूप उघडेना, तर विंडोज पाहुण्यास रस्त्यावर ठेवीत नाहीं. त्यास एका रिकाम्या धर्मशाळेंत उतरविते. धर्मशाळेंत आपलें सामान कोठून दिसणार? तें आपल्या बिऱ्हाडांत सुखरूप आहे. फेब्रुवारी २०२० मध्यें विंडोज १० साठीं मायक्रोसॉफ्टनें धाडलेल्या ४५३२६९३ क्रमांकाच्या सुधारणेनंतर जगांत ठिकठिकाणच्या लोकांची हीच गत झाली. चित्रें गेलीं, स्टार्टची यादी नवी कोरी, आणि सर्वत्र आक्रोश कीं फाईली गेल्या. फाईली पुष्कळांच्या तेथेंच निघाल्या. फोल्डरच्या नांवापुढें टिंब देऊन तीन शून्यें किंवा बी-ए-के हीं अक्षरें लागलीं होतीं. कांहीं जणांस तर दोन-चार वेळां संगणक पुन्हां सुरू करतांच आपलें बिऱ्हाड परत मिळालें.

चित्र म्हणजे वस्तु नव्हे, हें दाखविणारा आणखी एक प्रसंग १३ जानेवारी २०२३ चा. मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडर या पहारेकऱ्यानें एका सदोष सूचनेमुळें अनेक कचेऱ्यांतील संगणकांवरून प्रोग्रॅमांचीं चित्रें चोर समजून काढून टाकलीं. लोकांस वाटलें कीं वर्ड गेलें, एक्सेल गेलें. गेल्या होत्या त्या फक्त चिठ्ठ्या. प्रोग्रॅम जागचे हलले नव्हते. कोपऱ्यांत लहान वांकडा बाण असलेलें चित्र ही अशी चिठ्ठी असते. ती फाटली तर वस्तूस धक्का लागत नाहीं. ज्यावर बाण नाहीं असें डेस्कटॉपवरचें फोल्डर मात्र स्वतः वस्तूच असूं शकतें. तें जुनाट वाटलें म्हणून चिठ्ठीसारखें पुसूं नये.

सूनबाईनें पट्टीवरील फोल्डरची खूण दाबून सी ड्राइव्ह उघडला, त्यांत ‘यूजर्स’, त्यांत बंधूंचें नांव. विंडोजनें परवानगी विचारली, ती दिली. आंत डेस्कटॉप नांवाचें फोल्डर होतें आणि त्यांत कुलवृत्तांत होता. शाखावार, पिढीवार, आत्यांच्या आठवणींसकट. बंधू खुर्चींत मागें टेकले आणि कांहीं वेळ बोललेच नाहींत.

येथें एक घाई बहुतेकांच्या हातून होते. फाईल दिसली कीं लगेच उघडून तपासावी, चार ओळी लिहून पाहाव्या असें वाटतें. धर्मशाळेंत लिहून ठेवलेलें तेथेंच राहतें व बाहेर पडतांना नष्ट होतें. सूनबाईनें तसें कांहीं करूं दिलें नाहीं. आधीं तिनें स्वतःचा पेन ड्राइव्ह आणून अख्खें फोल्डर त्यावर उतरविलें, तो ड्राइव्ह नीट बाहेर काढून वहिनींच्या हातीं दिला आणि तेव्हां कोठें संगणक पुन्हां सुरू केला. सुरू करण्यास तिनें ‘शट डाऊन’ न म्हणतां ‘रीस्टार्ट’ म्हटलें, आणि त्यांतहि मर्म आहे. विंडोज १० व ११ मध्यें लवकर जागें होतां यावें म्हणून शट डाऊनच्या वेळीं प्रणालीचा कांहीं भाग जसाच्या तसा जपून ठेवण्याची सोय असते. रीस्टार्टमध्यें मात्र सर्व पुन्हां पहिल्यापासून मांडलें जातें. पहिल्या खेपेस धर्मशाळाच आली. दुसऱ्या खेपेस निळा रंग क्षणभर दिसला आणि त्यामागून धबधबा आला, आणि मग एकेक करून चित्रें.

दुसऱ्या खेपेसहि न आलें तर काय करणार होतीस, असें आम्हीं मागाहून विचारलें. ती म्हणाली कीं नव्या नांवाचें बिऱ्हाड करून सर्व कागद त्यांत नेले असते. जुन्या बिऱ्हाडाचें कुलूप दुरुस्त करण्याकरितां रजिस्ट्री नांवाच्या मूळ वहींत हात घालावा लागतो, व तें जाणत्यानें करावें. एक्सप्लोरर उठवूनहि दर थोड्या वेळानें कोसळत असेल, तर त्याचीं कारणें निराळीं. नव्यानें घातलेला एखादा प्रोग्रॅम त्याच्याशीं भांडत असेल, तर सेफ मोडमध्यें, म्हणजे अगदीं मोजक्या नोकरांवर संगणक चालवून पाहतां येतें; तेथें सर्व सुरळीत असेल तर नवा पाहुणा काढून टाकावा. प्रणालीच्या स्वतःच्या फाईली बिघडल्या असतील तर प्रशासकाच्या अधिकारानें कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजींत ‘एसएफसी’, मग मोकळी जागा, मग तिरपी रेघ, आणि तिला चिकटून ‘स्कॅननाऊ’ असें लिहावें. संगणक स्वतःच स्वतःच्या फाईली तपासतो व बिघडलेल्या जागीं चांगल्या आणून बसवितो. त्यास वेळ लागतो. मध्यें बंद करूं नये. डिस्कमधून खडखड येत असेल किंवा साधें फोल्डर उघडण्यास मिनिटें लागत असतील, तर मात्र कोणताहि उपाय करण्यापूर्वीं कागद बाहेर काढावे, कारण तो आजार पडद्याचा नसून खुद्द कपाटाचा असतो.

व्हायरसची शंका अगदींच निराधार असते असें नाहीं. कांहीं दुष्ट प्रोग्रॅम रजिस्ट्रींत एक्सप्लोररच्या जागीं स्वतःचें नांव लिहून ठेवतात, म्हणून सकाळीं दिवाणजींच्या ऐवजीं भलताच इसम येतो. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, तेव्हां ज्या घरीं ती आहे त्यांनीं या बाबतींत अधिक जपावें. आणि घाबरलेल्या माणसास फोनवरून धीर देणारे, ‘हें ॲप घाला, मी येथून पाहतों’ म्हणणारे अनोळखी सज्जन यांच्यापासून तर शतहस्त दूर राहावें. कोऱ्या पडद्यांतून पैसे जात नाहींत. या सज्जनांच्या हातून जातात.

आतां फॉर्मॅटविषयीं. दुकानदारास आम्ही दोष देत नाहीं. त्याच्यापुढें दिवसांत अनेक डबे येतात. प्रत्येकाची नाडी पाहात बसण्यापेक्षां घर धुऊन पुन्हां सारवणें त्यास सोपें, आणि संगणक खरेंच नव्यासारखा पळूं लागतो. पण फॉर्मॅट म्हणजे निदान सी ड्राइव्ह रिकामा करणें, आणि आपण डेस्कटॉपवर व डॉक्युमेंट्समध्यें जें ठेवतों तें बहुधा सी वरच असतें. पुष्कळ दुकानदार तें आधीं काढून ठेवतात, कांहीं विसरतात. म्हणून डबा हातीं देण्यापूर्वीं ‘डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो काढून ठेवले कां?’ असें विचारावें व काढलेली प्रत आपल्या डोळ्यांनीं पाहावी. बंधूंच्या बाबतींत आणखी एक गोम होती. कुलवृत्तांताचा पहिला भाग त्यांनीं जुन्या मराठी टंकांत लिहिला होता. युनिकोडची पद्धत रूढ होण्यापूर्वीं श्रीलिपीसारख्या प्रणालींत मराठी लिहीत. त्या फाईली तो टंक संगणकांत असेल तरच मराठींत दिसतात, एरवीं इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. फॉर्मॅटनें टंकहि गेला असता. फाईल वांचून परत आली असती, आणि बंधूंनीं ती उघडून पुन्हां तेंच म्हटलें असतें कीं गेलें.

सर्वच वेळीं वह्या कपाटांत सुखरूप असतात असें मात्र कोणीं धरून चालूं नये. ऑक्टोबर २०१८ मध्यें विंडोज १० ची १८०९ या नांवाची मोठी सुधारणा बाहेर पडली, तिनें कांहीं लोकांचे कागद व फोटो खरोखरच पुसले. मायक्रोसॉफ्टनें कांहीं दिवसांतच तिचें वाटप थांबविलें व दोष काढून नोव्हेंबरांत पुन्हां सुरू केलें; पण ज्यांच्याजवळ दुसरी प्रत नव्हती त्यांस ती कोठून मिळणार? तेव्हां सूनबाईच्या युक्तीनें आमचें निभावलें यांत दैवाचाहि वांटा होता, हें बंधूंनीं स्वतःच बोलून दाखविलें.

दुपारीं जेवणें झाल्यावर पुतण्या चौकांत जाऊन तीन पेन ड्राइव्ह घेऊन आला. बंधूंनीं जुन्या टंकाची फाईलहि प्रत्येकांत घातली व पहिला भाग सूनबाईनें युनिकोडमध्यें उतरवावयास घेतला; चार पानें त्याच दिवशीं झालीं. इन्व्हर्टरची बॅटरी बदलण्यास माणूस तिसऱ्या दिवशीं आला. तीन ड्राइव्हांपैकीं एक वहिनींच्या दागिन्यांच्या डब्यांत आहे, एक बंधूंनीं केजेस आपल्या व्याह्यांकडे पाठविला, आणि तिसऱ्यावर स्वतःच्या हातानें ‘कुलवृत्तांत, शाखा १ ते ९’ अशी चिठ्ठी चिकटवून तो आम्हांस दिला. भाऊबीज उरकून आम्ही निघालों तेव्हां तो आमच्या पिशवींत होता. सध्यां तो आमच्या कपाटांत, वडिलांच्या पंचांगांशेजारीं आहे. दर सहा महिन्यांनीं संगणकास लावून उघडतो कीं नाहीं तें पाहण्याची जोखीम बंधूंनीं आम्हांवर टाकली आहे, आणि ती तारीख ते विसरत नाहींत.